दादा, धणियामा आणि घरची छडी

बारडोलीच्या बाजारात उभे राहून आपण दोन भाषा एकदम बोलतो, त्यामुळे काही शब्दांकडे आपले लक्षच जात नाही. ‘दादागिरी’ हा त्यांतला एक. तो मराठीत आहे, गुजरातीतही आहे. शाळेच्या आवारात मोठ्या मुलाने धाकट्याचा डबा हिसकावला की दोन्ही भाषांतली मुले तोच शब्द उच्चारतात. पण ‘दादा’ म्हणजे कोण? मराठी घरात तो थोरला भाऊ, गुजराती घरात वडिलांचे वडील. दोन्हीकडे घरातलाच, आणि दोन्हीकडे मानाचा. ज्याने धाकट्याचे बोट धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायचा, त्याच्याच नावाला प्रत्यय लावून आपण छळाला नाव दिले आहे. रस्त्यावरच्या दांडगाईचा पत्ता या शब्दाने केव्हाच सांगून ठेवला आहे. तो घराचा पत्ता आहे.

वाचकहो, यंदाच्या व्याख्यानासाठी विषय सुचवला गेला तो असा: किशोरवयातल्या मुलांची आपसातली दांडगाई आणि घरचे वळण यांचा संबंध. मी इतिहासाचा विद्यार्थी, मानसशास्त्राचा नव्हे. म्हणून मुलांच्या मनात शिरण्याऐवजी मी आपल्या जुन्या घरांत शिरणार आहे. आपली म्हणजे या मुलुखात तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची. त्या घरांतून कोणाला मार बसला, कोणाला कोणत्या नावाने हाक मारली गेली आणि कोणाला ताजी भाकरी मिळाली, एवढेच मी पाहीन.

आपण इथे आलो कसे, हे आधी दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याचाही या विषयाशी संबंध आहे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगढ घेतले आणि तिथून गायकवाडांचे राज्य पसरले. बारडोली तालुका पुढे इंग्रजांकडे राहिला, तरी महुवा, पलसाणा, कामरेज, व्यारा हे आजूबाजूचे महाल बडोदा संस्थानात होते, आणि त्या कचेऱ्यांच्या, शाळांच्या, फौजदारीच्या निमित्ताने आपले पणजोबा-खापरपणजोबा या भागात स्थिरावले. त्याआधीच्या मराठ्यांची आठवण मात्र इथे वेगळी आहे. १६६४ आणि १६७० ही दोन साले आपण अभिमानाने सांगतो. सुरतेच्या माणसाला ती लुटीची साले म्हणून ठाऊक असतात. माझ्या शाळेत एक गुरुजी होते. वर्गात गोंधळ माजला की ते टेबलावर पट्टी आपटून विचारत, “आ शुं गायकवाडी छे?” गायकवाडी म्हणजे जोरजबरदस्ती, अंधाधुंदी. सारा वर्ग माझ्याकडे वळून हसे. गुरुजींच्या मनात काही नसे; पण मधल्या सुट्टीत मुलांना दिवसभराचे खाद्य मिळून जाई.

म्हणजे चिडवले जाणे काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. चिडवणाराही आपल्याच घरात तयार होतो, याकडे मात्र आपण सहसा पाहत नाही.

आता बडोद्याच्या एका मराठी घरात चला. नरहर शंभूराव भावे तिथे नोकरीला होते. कोकणातल्या गागोद्याहून त्यांची पत्नी रुक्मिणीबाई आणि मुले पुढे बडोद्यास आली. थोरला मुलगा विनायक, घरातला ‘विन्या’, म्हणजे पुढचे विनोबा. विनोबांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या माराविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. मार नेमाचा होता. मुलगा भटकून उशिरा घरी येई आणि मार खाई. एके दिवशी मार बसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलाला आश्चर्य वाटले. पुढे उलगडा झाला तो असा की त्याला सोळावे वर्ष लागले होते, आणि या वयापासून मुलाशी मित्रासारखे वागावे असे सांगणारे स्मृतिवचन वडिलांनी अक्षरशः पाळले होते.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि ती कौतुकाची आहेच. ज्या काळात बापाचा हात मुलाच्या लग्नापर्यंत थांबत नसे, त्या काळात एका गृहस्थाने पंचांग पाहून छडी खाली ठेवली. पण माझ्या मनात एक शंका राहते. पंधराव्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मार आणि सोळाव्याच्या पहिल्या दिवसापासून मैत्री, हे कसे जमायचे? विनोबांना ते जमले. सर्वांची मुले विनोबा नसतात. दांडगाईचे वय तर नेमके अकरा ते पंधरा. म्हणजे ज्या वर्षांत मूल घरच्या वागणुकीची नक्कल बाहेर करून पाहते, ती सगळी वर्षे छडीच्या वाट्याला आणि मैत्री त्यानंतर.

योगायोगाची गोष्ट, साधारण त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी दुसऱ्यांची मुले शिकवत होते. एक सतरा वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा खोटे बोले, भांडणे काढी, कोणाचे ऐकत नसे. एकदा गांधीजींचा संयम सुटला आणि त्यांनी हातातली आखणी त्याच्या दंडावर मारली. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली. मनात आणले असते तर त्याने उलट मारले असते, इतका तो अंगाने सशक्त होता, ही गोष्ट गांधीजी आत्मकथेत आवर्जून नोंदवतात. त्यानंतर मुलगा सुधारला असेही ते म्हणतात, आणि तरीही आपण केले ते योग्य होते का, हा प्रश्न मोकळा ठेवतात. त्यांना खुपली ती गोष्ट अशी की त्या क्षणी त्यांनी आपल्यातले आत्मबल नव्हे तर पशुत्व त्या मुलाला दाखवले. मार लागू पडला की नाही, एवढ्यावरच आपण थांबतो. मुलाला त्यातून काय दिसले, हे गांधीजी विचारत होते.

भाव्यांच्या घरातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, आणि ती भाकरीची आहे. घरात एक परका मुलगा राहायला होता. उरलेली शिळी भाकरी असली की आई ती स्वतः खाई किंवा विन्याला देई. त्या मुलाला मात्र ताजी गरम. विन्याने एकदा आईला टोकले, भेदभाव करू नये म्हणतेस आणि स्वतःच करतेस. आईने ते कबूल केले. तुझ्याकडे मी अजून मुलगा म्हणून पाहते आणि त्याच्याकडे अतिथिदेव म्हणून. दोघे सारखे वाटू लागतील त्या दिवशी हा भेद राहणार नाही, असे तिचे उत्तर होते. रागावणे नाही, उपदेश नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराने आईची चूक दाखवली आणि आईने तिच्यावर पांघरूण घातले नाही. शिवाय घरात ज्याची बाजू दुबळी, त्याचे ताट आधी वाढले जाते, हे त्या पोराने रोज पाहिले. शिस्त या शब्दाने आपण छडीची आठवण काढतो. ही ताटाची शिस्त आपल्या चर्चेत येत नाही.

बडोद्यातच गंगनाथ विद्यालय होते, केशवराव देशपांडे यांनी चालवलेले. तिथे गुरुजींना आडनावाने वा ‘सर’ म्हणून हाक मारायची नाही, घरच्या नात्याने मारायची, असा प्रघात पडला. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर ‘काका’ झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे विद्यालय बंद पडले, पण नावे टिकली. काकासाहेब गुजरातीचे मान्यवर लेखक झाले, मामासाहेब गोध्र्याला हरिजन मुलांमध्ये राहिले, आणि दोघेही मरेपर्यंत कोणाचे तरी काका आणि मामा राहिले. ‘दादा’चा ‘दादागिरी’कडे प्रवास झाला, त्याच्या नेमका उलटा हा प्रवास आहे. नाते घराबाहेर नेले तर ते छळालाच लागते असे नाही. कशासाठी नेले, यावर ते आहे.

आता सगळ्यांच्या माळ्यावर असलेल्या पुस्तकाकडे येतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. बारडोलीत, व्याऱ्यात, नवसारीत असे मराठी घर क्वचितच असेल की जिथे ते पुस्तक मोठ्याने वाचून कोणी रडले नाही. त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत पोहायला पाठवते. का? तर मुलगा भित्रा निघाला म्हणून चार पोरे त्याला हसतील, चिडवतील. म्हणजे हा मार आपल्या आजच्या विषयातलाच आहे: बाहेरच्या चिडवण्यातून मुलाला वाचवण्यासाठी घरात दिलेला. तो परत येतो तेव्हा आई त्याचे वळ पाहते, तिला गहिवरून येते, त्याला आवडते म्हणून दही देते आणि आपण का मारले ते सांगते.

माझी तक्रार पुस्तकाविषयी नाही, आपल्या वाचण्याविषयी आहे. आपल्या बापांनी त्यातली शिंपटी उचलली. दही बहुतेक घरांत कोणी दिले नाही. दिले तर आईने चोरून दिले, आणि त्यामुळे मुलाला कळले ते एवढेच की या घरात माया ही लपवायची गोष्ट आहे.

आपल्यातल्याच एका बाईंनी याच गुजरातेत दुसरी वाट पाडली होती. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले आणि भावनगरच्या मुलांनी त्यांना ‘मूछाळी मा’, मिशाळ आई, करून टाकले. मारही नको आणि लालूचही नको, हा त्यांचा आग्रह. बक्षिसाचे आमिष आणि छडीचा धाक ही एकाच दांडीची दोन टोके, असे ते मानत. ‘माबाप थवुं आकरुं छे’ या नावाचे त्यांचे पुस्तक आहे. आईबाप होणे कठीण आहे, हे नावातच सांगून टाकणारे. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांत काम केले, अनुताई वाघांसह. बोर्डी इथून फार लांब नाही.

आपल्या कुटुंबांनी या वाटेतला पहिला टप्पा घेतला. बालवाडी घेतली, रंगीत मणी घेतले, गाणी घेतली. सहा वर्षांपर्यंत मुलाला कोणी बोट लावले नाही. पण मूल पाचवीत गेले की घर पुन्हा पंतोजीच्या शाळेत जाऊन बसले. त्या जुन्या शाळेची एक रीत माझ्या लहानपणापर्यंत जिवंत होती, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना ती आठवेल. प्रश्न विचारायचा. ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्यांना एकेक चापट मारायची. गुरुजींचा हात दुखत नसे आणि हुशार पोराला मारण्याचा परवाना मिळे. मी हुशार होतो, हे इथे कबूल करतो. चापट हळू मारली तर गुरुजी ती मला मारून दाखवत. तेव्हा मी जोरात मारायला शिकलो. नंतर गुरुजी वर्गात नसतानाही मारू लागलो.

परदेशात या गोष्टी मोजून पाहिल्या गेल्या आहेत. कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेस गेला. हुकूमशाहीची झळ अंगावर घेऊन गेलेला माणूस. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने दोन सहकाऱ्यांसह आयोवा इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे केली. मुले कागदाचे मुखवटे वगैरे बनवत. एका मंडळाचा प्रमुख सारे काही हुकमाने करवी. दुसऱ्यात मुलांना विचारून ठरे. पुढे तिसरा प्रकारही पाहिला, ज्यात प्रमुख नुसता बसून राही. हुकमाच्या मंडळात मुले आपसात कितीतरी जास्त भांडली. पण खरी नोंद पुढची आहे. त्यांचा राग हुकूम करणाऱ्यावर निघाला नाही. तो त्यांच्यातल्याच एकावर निघाला. सर्वांनी मिळून त्याला इतके छळले की तो मंडळात येईनासा झाला. मग दुसऱ्याची पाळी आली. काही हुकमी मंडळे तर प्रमुख समोर असताना अगदी गरीब गाईसारखी असत आणि तो खोलीबाहेर गेला की उसळत.

‘आमचा मुलगा घरात एक शब्द उलट बोलत नाही हो,’ हे वाक्य पालकसभेत ऐकले की मला ती खोली आठवते.

दुसरे नाव डॅन ओल्वेउस यांचे. ते स्वीडनचे, पुढे नॉर्वेत बर्गनला स्थायिक झाले. शाळकरी छळाचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी १९७० च्या दशकात सुरू केला, तेव्हा जगात तो जवळजवळ कोणी करत नव्हते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी छळाला कंटाळून जीव दिला आणि तिथल्या सरकारने १९८३ मध्ये देशभर मोहीम काढली. तिचे शास्त्र ओल्वेउस यांचे. छळ करणाऱ्या मुलग्यांच्या घरांत त्यांना वारंवार दिसलेल्या गोष्टी अशा: लहानपणी ज्याने सांभाळले त्याच्या वागण्यात माया कमी, मूल दुसऱ्याशी दांडगाई करते तेव्हा तिकडे काणाडोळा, आणि स्वतः आईबापांचा वचक मारझोडीवर, आरडाओरड्यावर उभा. मुलाचा मुळातला तापट स्वभाव हा चौथा भाग, पण त्याचा वाटा पहिल्यांइतका नव्हता.

यातला काणाडोळ्याचा मुद्दा आपण नीट ऐकला पाहिजे. छडीवाला बाप म्हणजे कडक बाप, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला अगदी ढिला असू शकतो. गुण कमी पडले तर मार. धाकट्याला ढकलले तर ‘मुलेच ती’. ओल्वेउस यांनी आणखी एक लाडकी कल्पना तपासली: वरून गुंड दिसणारे पोर आतून भित्रे, बिचारे असते ही. त्यांना तसे आढळले नाही. अशी मुले स्वतःविषयी बरीच समाधानी असतात. तेव्हा ‘त्यालाही आत दुःख आहे’ असे म्हणून सुटका होत नाही.

आता बारडोलीत परत येऊ, कारण या तालुक्याने दांडगाईची एक फार जुनी शाळा चालवली आहे.

मराठी माणसाला ‘दुबळा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. इथे ते एका जातीचे नाव होते. दक्षिण गुजरातेत दुबळा समाजाचे लोक हाळी म्हणून अनाविल आणि पाटीदार जमीनदारांकडे राहत. लग्नासाठी उचल घ्यायची आणि ती आयुष्यभर फिटायची नाही, अशी ती रीत. मालकाला म्हणत धणियामा. नवरा शेतावर, बायको धणियामाच्या घरी शेणगोठा-भांडी करायला, आणि मुलगा चालू लागला की गुरांमागे. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी या प्रथेवर १९७० च्या दशकात मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे काम याच भागातल्या गावांतले. आदिवासींना सरसकट ‘काळीपरज’ म्हणत आणि वरच्या जातींना ‘उजळीपरज’. १९२० च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेने काळीपरजचे ‘रानीपरज’ झाले. दुबळ्यांना पुढे ‘हळपती’ हे नाव मिळाले. चिडवण्याची नावे बदलायला या तालुक्यात परिषदा भरवाव्या लागल्या, एवढी ती पक्की बसली होती. सरभोणच्या आश्रमात नरहरी परीख यांनी दुबळ्यांसाठी रात्रशाळा चालवली, ती धणियामांना मानवली नाही.

या प्रथेत धणियामाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा काय शिकत असेल? बापाच्या वयाच्या माणसाला एकेरी नावाने हाक मारायची. आपल्याच वयाचा मुलगा गुरे घेऊन निघाला की त्याच्यावर हुकूम सोडायचा. हे त्याला कोणी शिकवले नाही, कोणी त्यासाठी मारले नाही, कोणी थांबवलेही नाही. हा काणाडोळा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आपण धणियामा नव्हतो, हे खरे. आपल्याकडे जमीन नव्हती, नोकरी होती. पण आपल्या घरी भांड्यांना येणारी बाई कोण होती? आपल्या मुलांना आपण शेजारच्या प्रत्येकाला काका-काकू म्हणायला शिकवले, आणि आजीच्या वयाच्या त्या बाईला आपली सहा वर्षांची मुलगी ‘ए’ म्हणून हाक मारी. नात्याची नावे वाटताना आपण कोणाला वगळले, याची यादी मुले न शिकवता पाठ करतात.

१९२८ चा सत्याग्रह आपण इथे दर वर्षी आठवतो, त्याची एक बाजू मुलांची आहे. सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. फेब्रुवारीच्या १२ तारखेला लढा सुरू झाला, ऑगस्टमध्ये संपला, आणि पुढच्या चौकशीत ती वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. जप्तीसाठी पठाण आणले गेले. म्हशी जप्त होऊ नयेत म्हणून माणसे गुराढोरांसह घरे बंद करून राहत आणि जप्तीवाला आला की गावात ढोल वाजे. ते काम पोरांना फार आवडे. दांडग्यापुढे सगळ्यांनी मिळून निर्भयपणे उभे राहायचे, हे त्या पिढीने शाळेत नव्हे तर अंगणात पाहिले. माझ्या मते छळ थांबवण्याचा याहून चांगला धडा मुलांना मिळणे कठीण.

पण त्याच महिन्यांत त्यांनी बहिष्कारही पाहिला. ज्याने सारा भरला त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्याकडे जायचे नाही. गांधीजी आणि वल्लभभाई दोघांनाही या शस्त्राची धार माहीत होती, आणि बहिष्कृताच्या अन्नपाण्यासारख्या गरजा तोडू नका असे त्यांना बजावावे लागले. नेत्यांनी आखलेली ही रेघ मोठ्यांना पाळणे जड गेले. पोरांच्या ती कितपत ध्यानात राहिली असेल? कट्टी हा खेळ आहे. सगळ्या वर्गाची एकाशी कट्टी हा खेळ नाही. आणि लढा जमीनमहसुलाचा असल्यामुळे ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्या दुबळ्याचा प्रश्न त्यात नव्हता, हेही इतिहास म्हणून नोंदवले पाहिजे.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांच्या घरांत इतका वेळ फिरल्यावर आपले दार बंद ठेवणे बरे नव्हे.

बारडोलीचा साखर कारखाना सुरू झाला आणि दिवाळीनंतर खानदेशातून ऊसतोड्यांच्या टोळ्या येऊ लागल्या. नवरा, बायको आणि हाताशी एखादे मूल मिळून एक ‘कोयता’. माणसे मोजायची ती अवजाराने. शेताच्या कडेला पाले पडत आणि उन्हाळ्यात उठत. साठच्या दशकाच्या अखेरीस मी तेरा वर्षांचा होतो. आमची टोळी संध्याकाळी उसाच्या गाड्यांमागे धावून ऊस ओढी. एका गाडीवर माझ्याएवढाच मुलगा बसला होता. तो ओरडला. मी घाईत मित्राला सोडून स्वतःशीच मराठीत काहीतरी बोललो, ते त्याने ऐकले आणि त्याचा चेहराच बदलला. हसून म्हणाला, “तू आपला शेस का रे भो?”

माझ्या गुजराती मित्रांसमोर तो मला ‘आपला’ म्हणाला. ज्यांच्या तोंडून ‘गायकवाडी’ ऐकून मी वर्षभर कसाबसा त्यांच्यात शिरलो होतो, त्यांच्यासमोर. मी त्याच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. मग मी त्याला गाडीवरून ओढले. पुढचे सांगत नाही. त्याच्या ओठातून रक्त आले एवढे पुरे.

रात्री कोणीतरी वडिलांना सांगितले. कपाटावर वेताची छडी असे. मला भरपूर मार बसला, ऊस चोरल्याबद्दल. नोकरदार माणसाचा मुलगा भर रस्त्यात गाडीमागे धावतो, लोक काय म्हणतील, यासाठी. गाडीवरच्या मुलाविषयी एक शब्द निघाला नाही. आईने हळद लावली, ती माझ्या पाठीला. मी स्वतःला त्या रात्री फार छळलेला मुलगा समजून झोपलो, आणि आठवड्याने पुन्हा गाड्यांमागे गेलो. फरक एवढाच की आता रस्ता दुसरा होता, ओळखीचे लोक नसलेला.

वडील वाईट नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांना झाडाला बांधून मारले होते. त्या मानाने ते मवाळच. कायदा आता पुष्कळ पुढे गेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे दोन्ही बंद केले. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ मध्येच केला होता. कपाटावरच्या छड्या गेल्या. ऊसतोडे अजून येतात. त्यांच्यातले काही इथेच राहिले, त्यांची मुले शाळेत जातात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या नातवाच्या वर्गशिक्षिकेने घरी फोन केला. वर्गाच्या फोनवरच्या गटातून एका मुलाला काढून टाकले होते. काढण्याआधी आठ दिवस सगळ्यांनी मिळून त्याची चित्रे करून टाकली होती. पुढाकार आमच्या चिरंजीवांचा. माझ्या मुलाने त्याला मारले नाही. त्याने त्याचा फोन महिनाभरासाठी कपाटात ठेवून कुलूप लावले, शाळेत नाव खराब झाले म्हणून बराच वेळ सुनावले, आणि न मारल्याचे त्यालाच बरे वाटत असावे. मी नातवाजवळ जाऊन बसलो आणि विचारले, तो मुलगा कोण, कुठला?

“नंदुरबारकडचा आहे. त्याचे आई-बाबा ऊस तोडायला यायचे आधी.”

“नाव काय त्याचे?”

त्याने एक नाव सांगितले. ते वर्गाने पाडलेले होते. ते मी इथे लिहीत नाही.

“हे नव्हे. खरे नाव.”

तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, “फोनमध्ये आहे, आजोबा.” फोन तर कपाटात होता, आणि किल्ली घेऊन त्याचे बाबा कामावर गेले होते. मी त्याला म्हटले, चल, चप्पल घाल, विचारून येऊ. तो उठला, आणि दारात येऊन थांबला.